आठ तासांची मागणी शिकागोतली, मग अमेरिकेत युनियन एवढ्या कमी का?

अबोली७
१ मे म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. जगात बहुतेक ठिकाणी कामगार दिनच. पण ज्या शिकागोमुळे हा दिवस आला, तिथे त्या दिवशी ऑफिसं आणि शाळा रोजच्यासारख्या चालू असतात. इथली कामगारांची सुट्टी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी.

थोडक्यात मागची हकीकत. १ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकाभर तीन लाखांहून जास्त कामगारांनी काम बंद ठेवलं. ३ मेला शिकागोत मॅकॉर्मिकच्या कापणीयंत्रांच्या कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळीबार केला. त्याच्या निषेधाची सभा ४ मेच्या रात्री हेमार्केट चौकात होती. सभा संपत आली होती, आभाळ भरून आल्यामुळे बरेच लोक घरी गेले होते, तेवढ्यात पोलिसांची तुकडी आली आणि कुणीतरी बॉम्ब टाकला. सात पोलीस गेले, गोळीबारात सभेतले लोकही गेले. बॉम्ब कुणी टाकला हे आजवर सिद्ध झालेलं नाही. तरी आठ जणांवर खटला चालला. चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ ला फाशी दिली, एकाने आदल्या दिवशी तुरुंगात जीव दिला. उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये गव्हर्नर आल्टगेल्डने सोडलं आणि खटलाच अन्याय्य होता असं लेखी सांगितलं.

एवढी किंमत मोजलेल्या देशात आज दहातला एकच नोकरदार युनियनमध्ये आहे. १९५०च्या दशकात हे प्रमाण साधारण एक तृतीयांश होतं. माझं मत असं की युनियन आपोआप आटल्या नाहीत, कायद्याने आणि ठरवून त्यांना आवळलं गेलं. नवऱ्याचं म्हणणं, त्यांनी स्वतःच्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. आमच्या घरी हा वाद मिटत नाहीये. जाणकारांनी लिहावं. आणि सप्टेंबरचं काय प्रकरण आहे तेही.

कोपऱ्यावरचा
आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास मनासारखे. हीच त्यांची घोषणा होती ना? माझे मनासारखे आठ तास असल्या धाग्यांवर जातात. वाचतोय.

वाचनवेडा
चांगला विषय. सप्टेंबरचं आधी सांगतो, ते सोपं आहे.

न्यूयॉर्कमध्ये ५ सप्टेंबर १८८२ ला कामगार संघटनांनी पहिली मिरवणूक काढली. म्हणजे ही प्रथा हेमार्केटच्या आधीची, पूर्णपणे खोटी किंवा वरून लादलेली नाही. पण केंद्राची सुट्टी झाली ती २८ जून १८९४ ला, आणि ती तारीख बघण्यासारखी आहे. दोनच दिवस आधी पुलमनच्या डब्यांवर देशव्यापी बहिष्कार सुरू झाला होता. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने सुट्टीच्या कायद्यावर सही केली आणि आठवड्याच्या आत शिकागोत सैन्य उतरवलं.

१ मे मात्र समाजवाद्यांचा आणि पुढे कम्युनिस्टांचा दिवस ठरला, त्यामुळे सरकारला तो नकोच होता. १९५८ मध्ये तर १ मेला ‘कायदा दिन’ आणि ‘निष्ठा दिन’ अशी दोन नावं अधिकृतपणे देऊन टाकली.

मोहरी
पुलमनचं जरा सविस्तर लिहा ना कुणी. नाव ऐकलंय, बाकी काही माहीत नाही.

वाचनवेडा
@मोहरी, लिहितो. मला या सगळ्या इतिहासात सर्वात जास्त छळणारा प्रसंग तोच आहे.

जॉर्ज पुलमन रेल्वेचे झोपायचे डबे बनवायचा. शिकागोच्या दक्षिणेला त्याने कामगारांसाठी एक अख्खं गाव वसवलं. विटांची नेटकी घरं, नळ, बाग, वाचनालय, नाट्यगृह. पाहुणे येऊन कौतुक करायचे. पण घर कंपनीचं, गॅस आणि पाणी कंपनीचं, चर्चसुद्धा कंपनीचं आणि त्यालाही भाडं. घर विकत घेता यायचं नाही. १८९३ च्या मंदीत कंपनीने मजुरी साधारण चौथ्या हिश्शाने कापली, घरभाडं मात्र एका पैशानेही कमी केलं नाही. भाडं वळतं झाल्यावर काहींच्या हातात आठवड्याला सेंटांत मोजावी इतकीच रक्कम यायची. त्याच काळात भागधारकांना लाभांश नियमित मिळत होता.

मे १८९४ मध्ये कामगार संपावर गेले. युजीन डेब्जच्या अमेरिकन रेल्वे युनियनने ठरवलं की पुलमनचा डबा लावलेली गाडी आपण हलवायचीच नाही. शिकागोच्या पश्चिमेला देशातली रेल्वे थंडावली. सरकारने न्यायालयाकडून मनाईहुकूम आणला. त्यासाठी वापरला मक्तेदारीविरोधी कायदा, जो बड्या कंपन्यांना आळा घालायला केला होता! टपाल अडवलं हे दुसरं कारण. सैन्य आलं, माणसं मेली, डेब्ज सहा महिने तुरुंगात गेला, युनियन संपली.

आता छळणारी गोष्ट. या युनियनने त्याच जूनमधल्या अधिवेशनात काळ्या कामगारांना सभासद करायचं नाही असा निर्णय थोड्या मतांनी घेतला होता. डेब्जचा विरोध होता, पण तो हरला. आणि पुलमनच्या डब्यांत चादरी घालणारे, बूट पुसणारे पोर्टर सगळे काळे होते. ज्यांच्या एका होकाराने तो डबा आतूनच थांबला असता, त्यांच्यासाठी युनियनने दार बंद केलं होतं.

लोहारकाम
मी अबोलीताईंच्या यजमानांच्या बाजूने.

ओहायोत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या छोट्या कारखान्यात मी बरीच वर्षं उत्पादन बघतो. आमच्याकडे युनियन नाही, पण आमची गिऱ्हाइकं सगळी युनियनवाली. १८९४ मध्ये कामगारांवर अन्याय झाला याबद्दल दुमत नाहीच. पण १९८४ च्या करारात जनरल मोटर्सने ‘जॉब्ज बँक’ मान्य केली त्याचं काय? काम नसलेल्या माणसाला घरी न पाठवता जवळपास पूर्ण पगार. लोक येऊन पत्ते खेळायचे, शब्दकोडी सोडवायचे आणि पगार घ्यायचे. ही योजना २००९ मध्ये, कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी राहिल्यावर बंद झाली. तोवर टोयोटा आणि होंडा युनियन नसलेल्या कारखान्यांतून गाड्या काढत होत्या.

भ्रष्टाचार तर विचारू नका. टीमस्टर्स या ट्रकचालकांच्या युनियनचा अध्यक्ष जिमी हॉफा तुरुंगात जाऊन आला, १९७५ मध्ये नाहीसा झाला, तो आजवर सापडलेला नाही. जुनं म्हणून सोडून द्यावं तर २०२० मध्ये वाहन कामगारांच्या युनियनच्या दोन माजी अध्यक्षांनी पैसे खाल्ल्याचा गुन्हा कबूल केला. वर्गणी भरणाऱ्याचा विश्वास असा उडतो.

कोपऱ्यावरचा
अबोलीताईंचे यजमान हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावणार आता.

अबोली७
@कोपऱ्यावरचा, वाचून दाखवला, खूश आहेत. पण मी अजून माझ्या मतावर आहे.

डेट्रॉईटकर
लोहारकाम, तुम्ही पत्ते खेळणारे सांगितलेत, मग हे लोक कुठून आले तेही सांगायला हवं. नाहीतर गोष्ट मधूनच सुरू होते.

फ्लिंट आमच्याकडून तासाभरावर. १९३६ च्या डिसेंबरअखेर तिथल्या जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी कारखान्यांत कामगारांनी काम थांबवलं आणि बाहेर न पडता यंत्रांशेजारीच ठाण मांडलं. बाहेर उभं राहिलं तर मालक नवे लोक आत नेतो, पोलीस लाठ्या चालवतो. आत बसलं तर यंत्रंच ताब्यात राहतात. तक्रार मुख्यतः जोडणीच्या फिरत्या पट्ट्याच्या वेगाची होती. घरी जाऊन हात इतके थरथरायचे की जेवताना काटा धरवायचा नाही, असं तिथली माणसं सांगत. आणि कंपनीने हेरांवर १९३४ ते १९३६ या काळात जवळपास दहा लाख डॉलर उधळल्याचं सिनेटच्या समितीपुढे आलं. शेजारी काम करणारा कंपनीचा माणूस असू शकतो, त्यामुळे लोक युनियनचं नाव कुजबुजतसुद्धा नसत.

११ जानेवारी १९३७ ला फिशर दोन नंबरमध्ये कंपनीने हीटर बंद केले आणि जेवण आत जाऊ देईना. मिशिगनचा जानेवारी, बाहेर गोठवणारी थंडी. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. आतल्यांनी गाड्यांच्या दारांच्या जड बिजागऱ्या फेकून मारल्या आणि आगीच्या बंबाच्या नळ्या पोलिसांवर सोडल्या. वारा उलटा फिरला आणि धूर पोलिसांकडेच गेला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पुष्कळ कामगार जखमी झाले, पण कुणी मेलं नाही. त्यानंतर बायकांनी लाल टोप्यांचं स्वतःचं पथक काढलं. १ फेब्रुवारीला शेव्हरलेटच्या नऊ नंबरच्या कारखान्यात आतल्या लोकांवर धूर सोडला तेव्हा याच बायकांनी बाहेरून खिडक्यांच्या काचा फोडून त्यांना हवा मिळवून दिली. नऊ नंबरची गडबड ही हूल होती. सगळे रक्षक तिकडे धावले आणि तेवढ्यात कामगारांनी इंजिनांचा चार नंबरचा कारखाना ताब्यात घेतला.

गव्हर्नर मर्फीने सैनिक आणले, पण कामगारांना हुसकवायला ते वापरायला नकार दिला. ४४ दिवसांनी, ११ फेब्रुवारीला जगातल्या सर्वात मोठ्या कंपनीने युनियनला मान्यता दिली. वर्षभरात युनियनचे सभासद ३० हजारांवरून पाच लाखांवर गेले. पुलमनच्या वेळी सैन्य कुणासाठी आलं आणि फ्लिंटला काय झालं, हा फरक मला निर्णायक वाटतो. संपाचं यश पुष्कळदा सरकार कुठे उभं राहतं त्यावर ठरलं आहे.

पारिजात
डेट्रॉईटकर, छान लिहिलंत. बायकांचं सहसा कुणी लिहीत नाही, म्हणून माझी भर.

न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात २५ मार्च १९११ ला आग लागून १४६ जण गेले. बहुतेक इटालियन आणि ज्यू मुली, कित्येक अजून वीसच्याही नव्हत्या. नवव्या मजल्यावरचं एका बाजूचं दार कुलूपबंद होतं, कारण मालकांना मुलींच्या पिशव्या तपासायच्या असत. दीडच वर्ष आधी, १९०९ मध्ये, शहरातल्या वीस हजार शिवणकाम करणाऱ्यांनी संप केला होता. पुष्कळ कारखान्यांनी तडजोड केली, या मालकांनी युनियन मानली नाही. अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. मुली खिडक्यांतून खाली पडताना रस्त्यावरून बघणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स होती. ती पुढे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टची कामगारमंत्री झाली, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. १९३८ च्या कायद्याने किमान वेतन आणि आठवड्याच्या तासांची मर्यादा आली, मुलांच्या मजुरीला आळा बसला, त्यामागे ती होती.

आणि लॉरेन्स, मॅसॅच्युसेट्स, जानेवारी १९१२. नव्या कायद्याने बायका-मुलांचा आठवडा ५६ तासांवरून ५४ वर आणला. गिरण्यांनी तेवढा पगार कापला. पाकिटात ३० सेंटांच्या आसपास कमी आले, म्हणजे घरात काही पाव कमी. वीस हजारांवर लोक, ते पण कितीतरी भाषा बोलणारे, बर्फात रस्त्यावर उतरले. मुलांची उपासमार होऊ नये म्हणून आयांनी त्यांना न्यूयॉर्कच्या समर्थकांकडे पाठवायला सुरुवात केली. २४ फेब्रुवारीला स्टेशनवर पोलिसांनी आया-मुलांना लाठ्यांनी मारलं. देशभर गदारोळ झाला, संसदेच्या समितीने सुनावणी घेतली. तिथे कमेला तिओली नावाच्या किशोरवयीन मुलीने सांगितलं की यंत्रात केस अडकून तिच्या डोक्याची कातडी निघाली होती. राष्ट्राध्यक्षांची पत्नी ते ऐकत समोर बसली होती. मार्चमध्ये गिरणीमालकांनी पगारवाढ मान्य केली.

मी न्यू जर्सीत नर्स आहे. आमच्या हॉस्पिटलमध्ये एका नर्सकडे किती पेशंट यावरून युनियनसाठी मतदान झालं. आधीचे काही आठवडे बाहेरून बोलावलेले सल्लागार ड्युटीच्या वेळेत आम्हाला गटागटाने बसवून युनियन का नको ते समजावत होते. एकाही सल्लागाराने पेशंटच्या संख्येबद्दल अवाक्षर काढलं नाही. आम्ही जिंकलो. आता संख्या करारात लिहिलेली आहे. ती मोडली तर तक्रार कुठे आणि कशी करायची तेही लिहिलेलं आहे. माझ्या रात्रपाळीत हा फरक मला दिसतो. त्यामुळे ‘युनियनचा जमाना गेला’ हे मी मानणार नाही.

गिरणगावकर
+१ पारिजात. पाकिटातले कमी आलेले पैसे गिरणीवाल्याच्या घरात पहिल्या मिनिटाला कळतात.

मला एक तारीख खटकते. ऑगस्ट १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनने विमानतळांवरचे संपावर गेलेले विमान नियंत्रक काढले आणि जानेवारी १९८२ मध्ये डॉक्टर सामंतांचा आमचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख माणसं. दोन्हीकडे जगाचं वारं एकदमच फिरलं का?

तिखटमीठ
गिरणगावकर, वारं कदाचित एकच असेल, पण दोन्ही संप वेगळ्या तऱ्हेने मोडले. मुंबईत मालकांनी संप लांबू दिला, जुन्या गिरण्यांत तसंही त्यांना रस उरला नव्हता. रेगनने ४८ तासांची मुदत दिली. ३ ऑगस्टला साधारण तेरा हजार नियंत्रक संपावर गेले, ५ तारखेला ११,३४५ जण कामावरून काढले गेले. केंद्रीय कर्मचाऱ्यांना संपाला कायद्याने बंदी आहेच. पर्यवेक्षक, संपात न गेलेले आणि लष्कराचे नियंत्रक मिळून विमानं उडवत राहिले. काढलेल्यांना पुन्हा घेण्यावरची बंदी क्लिंटनने १९९३ मध्ये उठवली. दुर्दैव असं, की याच युनियनने १९८० च्या निवडणुकीत रेगनला पाठिंबा दिला होता.

डेट्रॉईटकर
आणि त्याचा परिणाम त्या तेरा हजारांपुरता राहिला नाही. हजार किंवा जास्त कामगारांचे संप १९५२ मध्ये ४७० झाले होते. २००९ मध्ये पाच!

कायद्याचं बोला
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण सगळे रेगनवर थांबतात आणि खरी भोकं त्याच्या कितीतरी आधीची आहेत. मी इथे वकिली करतो, कामगार कायदा रोजच्या कामाचा.

१९३५ च्या वॅग्नर कायद्याने संघटनेचा आणि वाटाघाटीचा हक्क दिला. पण शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले. दक्षिणेत ही दोन्ही कामं मुख्यतः काळे लोक करायचे आणि दक्षिणेच्या खासदारांची मतं रूझवेल्टला हवी होती. म्हणजे पुलमनच्या वेळी युनियनने जे केलं तेच चाळीस वर्षांनी कायद्याने केलं.

मग १९३८ चा मॅके रेडिओचा निकाल. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पगारासाठी संपावर गेलेल्याला काढून टाकता येणार नाही, पण त्याच्या जागी कायमचा दुसरा माणूस घेता येईल. संप संपल्यावर जुना माणूस जागा रिकामी होण्याची वाट बघत बसणार. अनेक वर्षं मालक हे हत्यार फारसं बाहेर काढत नव्हते, लोक काय म्हणतील याची भीड होती. रेगनने ती भीड घालवली. १९८३ मध्ये ॲरिझोनातल्या फेल्प्स डॉजच्या तांब्याच्या खाणींत तसंच झालं. नवे लोक आणले आणि शेवटी त्याच नव्यांच्या मतांनी युनियनची मान्यता गेली.

मधे १९४७ चा टाफ्ट-हार्टली कायदा. १९४६ च्या प्रचंड संपलाटेनंतरचा. राष्ट्राध्यक्ष ट्रुमनचा नकाराधिकार डावलून तो मंजूर झाला. एका कारखान्याच्या संपाला दुसऱ्या कंपनीच्या कामगारांनी बहिष्काराने साथ द्यायची, हे त्याने बेकायदा ठरवलं. म्हणजे डेब्जने जे केलं ते आता करताच येत नाही. शिवाय राज्यांना मुभा दिली की युनियनच्या कराराचा फायदा घेणाऱ्याला वर्गणी न भरण्याची सूट द्यावी. आज अशी २६ राज्यं आहेत. मिशिगनने २०१२ मध्ये हा कायदा आणला आणि २०२३ मध्ये रद्द केला.

अबोली७, तेव्हा तुमचं म्हणणं बरोबर, ठरवून आवळलं गेलं. २०२३ चे आकडे बघा, खासगी क्षेत्रात युनियनवाले ६ टक्के, सरकारी नोकऱ्यांत जवळपास ३३. मास्तर, पोस्टमन, अग्निशमनवाले हे काही वेगळ्या मातीचे लोक नाहीत. त्यांचा मालक कारखाना उचलून दुसरीकडे नेऊ शकत नाही आणि मतदानाच्या वेळी सल्लागारही क्वचितच आणतो.

लोहारकाम
‘कारखाना उचलून नेऊ शकत नाही’ हे तुम्हीच लिहिलंत, म्हणजे स्पर्धा हे कारण आलंच की. दक्षिणेत आणि मेक्सिकोत स्वस्त मजुरी मिळते तिथे काम जाणार, हे थांबवणारा कायदा कुणी दाखवावा.

कायद्याचं बोला
जर्मनीला स्पर्धा नाही का? तिथे मोठ्या कंपन्यांच्या देखरेख मंडळात कायद्याने निम्म्या जागा कामगारांच्या. गाड्या अजून तिथेही बनतात.

मोहरी
दोघांनी थोडं पाणी प्या. मी लॉस एंजेलिसचं सांगते.

जानेवारी २०१९ मध्ये इथल्या शाळांच्या तीस हजार शिक्षकांनी संप केला. नेमका त्या आठवड्यात धो धो पाऊस, जो इथे पडतच नाही. लाल रेनकोट घालून आमच्या शाळेच्या बाई फाटकासमोर फलक घेऊन उभ्या. आम्ही काही आया आळीपाळीने मोठ्या थर्मासमधून आल्याचा चहा नेत होतो. मुलीच्या वर्गात इतकी मुलं होती की काहींना बसायला खिडकीचा कट्टा होता. शिक्षकांनी पगाराइतकाच जोर पटसंख्येवर, प्रत्येक शाळेत नर्स हवी यावर आणि ग्रंथपालावर दिला. म्हणून आईबाप त्यांच्याबरोबर होते. सहा दिवस शाळा बुडाली आणि नर्सचं कबूल झालं. आदल्या वर्षी वेस्ट व्हर्जिनियाच्या शिक्षकांनी सगळ्या ५५ काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, शाळा बंद ठेवल्या होत्या. गळ्यात लाल रुमाल, १९२१ साली ब्लेअर माउंटनवर लढलेल्या खाणकामगारांसारखा.

वऱ्हाडी
भारतीयांचा काही संबंध आला का हो या सगळ्यात? आपण तर फार उशिरा गेलो तिकडे.

वाचनवेडा
आला, आणि सुरुवात वाईट झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या कामगार संघटनांनीच १९०५ मध्ये जपानी आणि कोरियन लोकांना हाकलण्यासाठी एक लीग काढली. पुढे तिचं नाव एशियाटिक एक्सक्लूजन लीग झालं. ४ सप्टेंबर १९०७ ला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये शेकडो गोऱ्यांच्या जमावाने लाकूडगिरण्यांत काम करणाऱ्या भारतीयांना, मुख्यतः शिखांना, घरांतून ओढून मारलं आणि गावाबाहेर घालवलं. तक्रार काय, तर हे कमी मजुरीत काम करतात. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचा सॅम्युअल गॉम्पर्स स्वतः स्थलांतरित, सिगार वळणारा कामगार. तोही चिनी-आशियाई बंदीचा खंदा पुरस्कर्ता. लोहारकाम यांनी भ्रष्टाचार सांगितला, पण युनियनांनी स्वतःचं सर्वात मोठं नुकसान केलं ते इथे, असं माझं ठाम मत आहे. ज्याला सभासद केलं नाही, तोच मालकाने संप फोडायला आणला.

पण त्याच किनाऱ्यावर १९१३ मध्ये ओरेगॉनच्या ॲस्टोरियात लाकूडगिरण्यांतल्या भारतीय मजुरांच्या बळावर इंग्रजांविरुद्धची गदर चळवळ उभी राहिली. तुमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्या चळवळीत होते. आणि गदरचे लाला हरदयाळ सॅन फ्रान्सिस्कोत आयडब्ल्यूडब्ल्यू या संघटनेचं काम करायचे. ती संघटना रंग आणि वंश न बघता सभासद करायची, लॉरेन्सचा संपही तिनेच चालवला.

वऱ्हाडी
खानखोजे! मेक्सिकोत मक्याचं संशोधन करणारे म्हणून माहीत होते, हे नव्हतं माहीत. लय भारी.

पारिजात
कॅलिफोर्नियातल्या डेलॅनोची द्राक्षंही इथेच यायला हवीत. सप्टेंबर १९६५ मध्ये लॅरी इटलिओंगच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी संप सुरू केला. मळेवाल्यांचा नेहमीचा डाव, फिलिपिनो संपावर गेले की मेक्सिकन आणायचे आणि उलट. इटलिओंगने मेक्सिकन मजुरांचा नेता सेझर चावेझकडे जाऊन साथ मागितली आणि आठवड्याभरात मेक्सिकन मजूर संपात आले. शेतमजूर १९३५ च्या कायद्याबाहेर होते, त्यामुळे १९४७ च्या कायद्यातली बहिष्काराची बंदीही त्यांना लागू नव्हती. मग देशभरच्या गृहिणींनी द्राक्षं घेणं बंद केलं. १९७० मध्ये मळेवाल्यांनी करार केले.

कायद्याचं बोला
पारिजात, शेवटचा मुद्दा अगदी नेमका पकडलात. वगळलं म्हणून हात मोकळे राहिले.

तिखटमीठ
आयटीवाल्यांसाठी एक. एच-वन-बी व्हिसासाठी कंपनी कामगार खात्याकडे जो एलसीए अर्ज भरते त्यात पगाराच्या कलमाबरोबर एक कलम असतं, कामाच्या जागी या व्यवसायात संप किंवा टाळेबंदी चालू नाही असं हमीपत्र. म्हणजे आपल्याला संप फोडायला आणता येऊ नये म्हणून. त्या अर्जाची प्रत आपल्याला देणं कंपनीला बंधनकारक आहे. माझ्या ओळखीत ती वाचलेले फार थोडे. काढून वाचा, तुमचा किमान पगार काय ठरलाय तोही त्यातच आहे.

लोहारकाम
हे उपयोगाचं. बरं, मला एक प्रामाणिक प्रश्न आहे. संप चालू असताना घर चालतं कशावर? आमच्या गिऱ्हाइकांचा संप झाला तेव्हा आमच्याच लोकांचे तास कापावे लागले होते, युनियन नसताना.

डेट्रॉईटकर
संपनिधीवर. सभासदांच्या वर्गणीतून तो साठतो. २०२३ मध्ये गाड्यांच्या तीन मोठ्या कंपन्यांविरुद्धच्या संपात वाहन कामगारांची युनियन आठवड्याला ५०० डॉलर देत होती. म्हणूनच सगळे एकदम बाहेर काढले नाहीत, एकेक कारखाना निवडून बंद केला. निधी पुरला आणि पुढचा नंबर कुणाचा ते कंपन्यांना कळेना. साडेचार वर्षांत २५ टक्के वाढ मिळाली. ज्या नेत्यांनी पैसे खाल्ल्याचं तुम्ही लिहिलंत, त्यांच्यानंतर सभासदांनी थेट मतदानाने अध्यक्ष निवडायला सुरुवात केली. हा संप त्या पहिल्या थेट निवडून आलेल्या अध्यक्षाचा.

खरी अडचण आरोग्यविम्याची. देशाची योजना होईना म्हणून १९५० मध्ये युनियनने जनरल मोटर्सकडून विमा आणि पेन्शन मिळवलं. त्याचं मोठं कौतुक झालं, पण विमा नोकरीला बांधला गेला. २०१९ च्या संपात कंपनीने संपकऱ्यांचा विमाच थांबवला होता. ओरड झाल्यावर पुन्हा सुरू केला. न्यूयॉर्क, न्यू जर्सीसारखी थोडी राज्यं संपकऱ्यांना बेकारभत्ता देतात, मिशिगन त्यात नाही.

लोहारकाम
थेट निवडणुकीबद्दल हे पहिल्यांदा नीट कळलं. पत्ते खेळण्याबद्दलचं माझं मत मात्र तेच.

अबोली७
सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आमच्याकडे निकाल असा लागला की रंगभेदावर दोघांचं एकमत, जॉब्ज बँकेवर वाद चालू. आता एक ठरलंय. येत्या १ मेला शनिवार-रविवार जोडून शिकागोतल्या जागा बघायच्या. काय काय बघण्यासारखं आहे?

वाचनवेडा
हेमार्केटला डेसप्लेन्स रस्त्यावर २००४ मध्ये बसवलेलं शिल्प आहे. त्या रात्री वक्ते ज्या गाडीवर उभे होते ती गाडी. चौथऱ्यावर देशोदेशीच्या संघटना आपापल्या पाट्या लावतात. आधी तिथे १८८९ चा पोलिसाचा पुतळा होता. १९२७ मध्ये ट्रामने त्याला धडक दिली, १९६९ आणि १९७० मध्ये तो स्फोटाने उडवला गेला. आता पोलीस मुख्यालयात हलवलाय. फाशी गेलेल्यांचं १८९३ चं स्मारक फॉरेस्ट पार्कच्या दफनभूमीत आहे, ब्लू लाईनचं शेवटचं स्टेशन. १ मेच्या आसपास तिथे लोक जमतात.

दुसरा दिवस पुलमनला ठेवा. मेट्राची इलेक्ट्रिक लाईन पकडून १११व्या रस्त्याला उतरायचं. घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत आता राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे, माहिती केंद्र तिथेच. कामगारांच्या विटांच्या घरांत आजही लोक राहतात, त्यामुळे खिडक्यांतून डोकावू नका. तिथून जवळच पुलमन पोर्टरांचं संग्रहालय आहे, ए. फिलिप रँडॉल्फच्या नावाचं. त्याने १९२५ मध्ये पोर्टरांची युनियन काढली आणि १९३७ मध्ये पुलमन कंपनीला करारावर सही करायला लावली. ते रोज उघडं नसतं, निघण्याआधी वेळ विचारून घ्या.

मोहरी
मे महिन्यात मी बहिणीकडे नेपरव्हिलला आहे. चालत असेल तर मीही येते, डबा मी करते. अबोली, व्यनि केलाय.